कात्री न लागलेलं कापड

३० सप्टेंबर २०२२. पॅरिसमधल्या 'म्युझे दे आर्ट ए मेतिए' या तंत्रज्ञानाच्या जुन्या संग्रहालयात 'कोपर्नी' या फ्रेंच फॅशन-घराण्याचा शो संपत आला होता. शेवटी बेला हदीद ही मॉडेल फक्त अंतर्वस्त्र घालून येऊन उभी राहिली. मागोमाग हातात फवारणीची यंत्रं घेतलेली माणसं आली आणि तिच्या अंगावर पांढऱ्या द्रावाचा फवारा मारू लागली. सुरुवातीला ते अंगाला रंग फासल्यासारखं दिसत होतं. मग थरावर थर चढत गेले, चमक गेली, कातडीचा रंग झाकला गेला. नऊ-दहा मिनिटांनी फवारा थांबला. कोपर्नीची डिझाइन-प्रमुख शार्लट रेमंड पुढे आली. तिनं खांद्यावरच्या पट्ट्या बोटांनी खाली सरकवल्या, खालची कड कात्रीनं सारखी केली आणि मांडीपर्यंत एक चीर दिली. बेला चालू लागली तेव्हा तिच्या पायांभोवती तो झगा खरोखरच्या कापडासारखा हलत होता.

त्या काही मिनिटांची चित्रफीत जगभर फिरली. बहुतेकांनी ती जादू म्हणून पाहिली, काहींनी प्रसिद्धीची युक्ती म्हणून. त्यामागचं काम मात्र वीसेक वर्षांचं होतं. मानेल तोरेस हा स्पॅनिश संशोधक १९९०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत होता. पार्ट्यांमध्ये डब्यातून उडवतात त्या रंगीत फेसाळ दोऱ्या पाहून त्याच्या मनात आलं, की धागा असा हवेत तयार होत असेल तर कापड का होऊ नये? इम्पीरियल कॉलेजमधले रसायन-अभियांत्रिकीचे प्राध्यापक पॉल लकहॅम यांच्या साथीनं त्यानं तो द्राव तयार केला आणि २००३मध्ये 'फॅब्रिकन' ही कंपनी काढली. कापसाच्या, लोकरीच्या किंवा कृत्रिम तंतूंचे आखूड तुकडे, ते एकमेकांना धरून ठेवणारं पॉलिमर आणि झटकन उडून जाणारं द्रावक, असा हा मामला. द्रावक हवेत उडून जातं आणि तंतू एकमेकांत अडकून बसतात. यात उभा-आडवा धागा नाही, माग नाही, सुई नाही. वापरून झाल्यावर हे कापड पुन्हा द्रावात विरघळवून नव्यानं फवारता येतं, असं तोरेस सांगतो.

स्त्रियांच्या फॅशनमधले चक्रावून टाकणारे प्रयोग एकापाठोपाठ एक पाहत गेलं, की ते करणाऱ्या बऱ्याच जणांना एकच प्रश्न छळत होता असं दिसतं. कापड सपाट असतं आणि बाईचं अंग गोल. सपाटाचं गोल करायचं तर शिंपी कापड कापतो, टक्स घालतो, तुकडे जोडतो. यात साधारण १५ टक्के कापड कातरण म्हणून वाया जातं, असा कपडे-उद्योगातला नेहमीचा अंदाज आहे. शिवाय एकदा कापलेला कपडा एकाच मापाचा होऊन बसतो. बाईचं अंग मात्र वर्षावर्षाला, बाळंतपणागणिक बदलत असतं. मग कापल्या-शिवल्याशिवाय कपडा होईल का?

ज्यांच्या घरातल्या कपाटात नऊवारी आहे, त्यांना या प्रश्नाचं एक उत्तर ठाऊक आहे. पण ते उत्तर ठाऊक नसलेल्यांनी काय काय करून पाहिलं, हे आधी पाहू.

व्हेनिसमध्ये १९०७च्या सुमाराला मारियानो फोर्तुनी याच्या कार्यशाळेत 'डेल्फोस' नावाचा झगा तयार झाला. तलम रेशमाला वरपासून खालपर्यंत शेकडो बारीक चुण्या. खांद्यापासून पायापर्यंत सरळ पडणारा, ग्रीक पुतळ्यांच्या अंगावरच्या वस्त्राची आठवण करून देणारा. तो काळ युरोपात कॉर्सेटचा होता. कमरेला हाडांच्या आणि पोलादाच्या पट्ट्यांत आवळून घेतल्याखेरीज सभ्य बाई घराबाहेर पडत नसे. डेल्फोसच्या आत काहीच घालावं लागत नव्हतं. चुण्या अंगाबरोबर उघडत आणि मिटत. दोन्ही बाजूंच्या कडांना मुरानोच्या काचेचे मणी ओवलेले असत. शोभेसाठी तर खरेच, पण त्यांच्या वजनानं तलम रेशीम खाली ओढलं जाऊन नीट बसे. हा झगा घडी घालून ठेवायचा नाही, पीळ देऊन गुंडाळायचा आणि छोट्या गोल डबीत ठेवायचा. पाणी लागलं की चुण्या उघडत, मग डबी व्हेनिसला परत पाठवून पुन्हा चुण्या घालून घ्याव्या लागत. या चुण्या नेमक्या कशा घातल्या जात, हे आजवर कुणाला खात्रीनं उलगडलेलं नाही.

या झग्याचं पेटंट १९०९मध्ये फोर्तुनीच्या नावानं निघालं. पण त्याच कागदावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं आहे, की हा शोध आंरिएतचा, आपण घाईपोटी तो आपल्या नावावर नोंदवला. आंरिएत नेग्रें ही त्याची सहचरी, पुढे पत्नी. शंभरेक वर्षं जग 'फोर्तुनीच्या चुण्या' म्हणत आलं आहे. यापुढे त्या आंरिएतच्या म्हणायला हव्यात.

पॅरिसची मादलेन व्हियोने कापड कापत होती, पण कमीत कमी आणि वेगळ्या तऱ्हेनं. कापडाची धार उभी न धरता ती ४५ अंशांत तिरपी धरायची. आपले शिंपी ज्याला उरेब म्हणतात तसं. उरेब कापडाला जात्याच ताण येतो, ते अंगावर ओघळतं, त्याला टक्सची फारशी गरज राहत नाही. आपल्याकडे उरेब कापायचं ते मुख्यतः गळ्याच्या पट्टीसाठी. व्हियोनेनं सबंध झगाच उरेबात बेतला. एका झग्याला तर चार चौकोन एवढंच कापड, टोकावर धरून लटकवलेलं. ती कागदावर चित्र काढत नसे. लाकडाच्या छोट्या बाहुलीवर कापड टाकून, टाचण्या लावून बघत असे. नक्कल करणाऱ्यांचा तिला इतका उपद्रव झाला, की कपड्याच्या लेबलावर ती आपल्या अंगठ्याचा ठसा उमटवू लागली. १९३९मध्ये तिनं दुकान बंद केलं, पण पुढे ज्याला ज्याला अंगासरशी ओघळणारा झगा करायचा होता, त्याला तिच्याकडेच पाहावं लागलं.

१९६६ साल तर प्रयोगांनी गजबजलेलं होतं. १ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये पाको राबान या तरुणानं बारा झगे दाखवले आणि शोच्या नावातच जाहीर केलं, की हे घालता न येणारे झगे आहेत. प्लॅस्टिकच्या चकत्या आणि त्यांना जोडणाऱ्या धातूच्या कड्या. त्याच्या कार्यशाळेत सुईच्या जागी पक्कड होती. त्याची आई बालेन्सियागा या थोर डिझायनरकडे मुख्य शिवणकार होती, त्यामुळे आपण काय सोडून देत आहोत, हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं. त्याच वर्षी अमेरिकेत स्कॉट पेपर या कागदी रुमाल विकणाऱ्या कंपनीनं सवा डॉलरला कागदी झगा विकायला काढला. जाहिरातीसाठी काढलेला तो झगा वर्षभरात पाच लाखांच्या घरात खपला. लांबी जास्त झाली तर कात्रीनं कापा, फाटला तर चिकटपट्टी लावा, कंटाळा आला तर फेकून द्या. दोन-तीन वर्षांत लोकांनी तो खरोखरच फेकून दिला. तो टोचत असे, चुरगळत असे, शिवाय पेट घेण्याची भीती. पण घालायचा, टाकायचा आणि नवा आणायचा, ही सवय त्यानं लावली आणि ती मात्र टिकली. आज जगभर स्वस्त कपड्यांचे ढीग साठताहेत, त्यांचं एक मूळ या सवा डॉलरच्या झग्यात आहे.

नाट्यमयतेत हुसेन चलायन या डिझायनरची बरोबरी करणारे थोडे. फेब्रुवारी २०००मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्स या नाट्यगृहात त्यानं रंगमंचावर एक साधी बैठकीची खोली मांडली होती. मॉडेलनी खुर्च्यांची आवरणं काढून झगे म्हणून अंगात घातली. खुर्च्या मिटल्या आणि त्यांच्या बॅगा झाल्या. शेवटी एक मॉडेल लाकडी टीपॉयच्या मधल्या भोकात उभी राहिली, तिनं टीपॉय वर ओढला आणि कड्यांमागून कड्या उलगडत त्याचा घेरदार स्कर्ट झाला. चलायन मूळचा सायप्रसचा, तुर्की सायप्रियट. घर सोडून रातोरात पळावं लागलेल्या माणसांची गोष्ट तो सांगत होता: जे अंगावर घालता येईल तेवढंच सोबत येईल. तो स्कर्ट कुणी रस्त्यावर घातला नाही, तसा तो घालण्यासाठी केलेलाही नव्हता.

रस्त्यावर उतरले ते इस्से मियाके यांचे कपडे.

मियाके यांचा जन्म १९३८चा, हिरोशिमाचा. शहरावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते. किरणोत्सर्गाचे परिणाम भोगून त्यांची आई तीनेक वर्षांत गेली. या सगळ्याविषयी त्यांनी जवळजवळ आयुष्यभर मौन पाळलं; मोडणाऱ्या गोष्टींपेक्षा घडवता येणाऱ्या गोष्टींचा विचार करायचा म्हणून आपण कपड्यांकडे वळलो, हे त्यांनी २००९मध्ये लिहिलं. पॅरिसमध्ये त्यांचं शिक्षण झालं, पण टोकियोत १९७०मध्ये कार्यशाळा काढल्यावर त्यांच्या कामाच्या केंद्रस्थानी आलं ते एकसलग कापड. किमोनो हाही सरळ पट्ट्यांचाच कपडा. त्यातलं कापड जवळजवळ वाया जात नाही आणि उसवलं की पुन्हा सरळ पट्ट्या हाती येतात. १९८०च्या दशकात त्यांच्या कार्यशाळेनं अहमदाबादच्या डिझायनर आशा साराभाई यांच्यासोबत काम केलं. भारतीय विणकर आणि शिवणकर यांच्या हातचे ते साधे, सैल कपडे जपानमध्ये विकले जात.

चुण्यांवर त्यांनी १९८८च्या सुमाराला काम सुरू केलं. आधी कापडाला चुण्या घालायच्या आणि मग कपडा शिवायचा, ही जुनी रीत. मियाकेंनी क्रम उलटा केला. कपडा आधी शिवायचा, तोही हव्या त्या मापाच्या अडीच-तीन पट मोठा. तो भलामोठा पॉलिएस्टरचा सदरा दोन कागदांच्या मध्ये ठेवून उष्ण दाबयंत्रातून काढायचा. बाहेर येतो तो कागदासकट कडक झालेला चुण्यांचा पंखा. कागद सोलला की हातात माणसाच्या मापाचा कपडा राहतो. पॉलिएस्टरला उष्णतेत दिलेला आकार ते विसरत नाही, म्हणून या चुण्या धुतल्यावरही जात नाहीत. आंरिएतच्या रेशमाची अडचण अशी सुटली. विल्यम फोर्साइद या नृत्यरचनाकाराच्या नर्तकांनी हे कपडे १९९१मध्ये रंगमंचावर घातले आणि उड्या मारून, लोळून, पिळवटून पारखले. १९९३मध्ये 'प्लीट्स प्लीज' या नावानं ते दुकानात आले. यंत्रात धुवावेत, तासाभरात वाळावेत, इस्त्री लागू नये, गुंडाळी करून प्रवासाच्या पिशवीत कोंबावेत, आणि पोट सुटलं किंवा उतरलं तरी तोच कपडा बसावा. चित्रकार, वास्तुरचनाकार, प्राध्यापक अशा साठी-सत्तरीतल्या बायका जगभर ते घालतात. किंमत साध्या माणसाच्या आवाक्यातली नाही, हे मात्र खरं.

मियाके तिथं थांबले नाहीत. दाइ फुजिवारा या तरुण सहकाऱ्यासोबत त्यांनी 'ए-पॉक' काढलं. 'अ पीस ऑफ क्लॉथ' या शब्दांची ती आद्याक्षरं. ऑक्टोबर १९९८मध्ये पॅरिसच्या शोच्या शेवटी अनेक मॉडेल एकाच लांबलचक लाल कापडानं एकमेकींना जोडलेल्या आल्या. संगणकावर चालणारं विणकाम-यंत्र कापडाची चपटी नळी विणून काढतं. त्या नळीतच कपड्यांच्या कडा विणलेल्या असतात: झगा, टोपी, मोजे, पिशवी. घेणाऱ्या बाईनं गुंडाळीतून हवी तेवढी नळी घ्यायची, टेबलावर पसरायची आणि खुणेच्या रेघेवर कात्री चालवायची. विणच अशी, की कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत. बाही पूर्ण ठेवायची की कोपरापर्यंत, हे जिचं तिनं ठरवायचं. शिलाई नाही, शिंपी नाही, माप नाही. यातला एक नमुना न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

त्याच सुमाराला जपानच्या वाकायामा शहरातल्या 'शिमा सेइकी' या कंपनीनं, मासाहिरो शिमा यांच्या नेतृत्वाखाली, १९९५मध्ये सबंध स्वेटर एका दमात विणणारं यंत्र आणलं. शिमा यांनी आधी हातमोजे विणणारी यंत्रं केली होती. हातमोजा उलटा धरला की मधली बोटं म्हणजे स्वेटरचा गळा आणि कडेची बोटं म्हणजे बाह्या, हे त्यांना त्यात दिसलं. आज अनेक बड्या घराण्यांचे बिनजोडाचे स्वेटर अशा यंत्रांवर निघतात. दुकानात ते घेणाऱ्या बाईला त्यात काही विशेष दिसत नाही. पण बगलेत शिवण टोचत नाही, हे तिला घरी गेल्यावर जाणवतं.

आता ज्यांना ते उत्तर आधीपासून ठाऊक होतं, त्यांच्याकडे वळू. लंडनच्या डिझाइन म्युझियममध्ये २०२३मध्ये 'द ऑफबीट सारी' हे प्रदर्शन भरलं. प्रिया खानचंदानी यांनी मांडलेल्या त्या प्रदर्शनात नव्वदच्या आसपास साड्या होत्या. पोलादी तारांपासून रिमझिम दादू यांनी केलेली साडी होती. अब्राहम अँड ठाकोर यांची एक साडी होती, तिच्या टिकल्या रुग्णालयांनी टाकून दिलेल्या एक्स-रेच्या फिल्म कापून केलेल्या. पुण्याच्या नताशा पूनावाला यांनी २०२२च्या मेट गालाला नेसलेली सब्यसाचीची सोनेरी साडीही होती. तिच्यावर चोळीच्या जागी स्कियापारेली घराण्याचं धातूचं कवच. ही सगळी चमकधमक नजर खिळवून ठेवणारी आहे. तरी या प्रदर्शनाचं खरं सांगणं वेगळं होतं. साडीच्या बाबतीत नवं काही करायला कापड बदलावं लागतं किंवा नेसण बदलावी लागते. कात्री लावलीच पाहिजे असं नाही.

नेसण बदलण्याचा एक मोठा प्रयोग आपल्या मुंबईत सुरू झाला. सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले भारतीय आयसीएस अधिकारी. १८६४मध्ये त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी त्यांच्याबरोबर इकडे आल्या. त्या काळी बंगाली घरंदाज बाई घरात एकवस्त्रा असे. त्या वेषात बाहेर पडणं शक्य नव्हतं. मुंबईत ज्ञानदानंदिनींनी पारशी बायकांची साडी पाहिली. आत परकर, वर पोलकं, पुढे निऱ्या. पदर त्यांनी डाव्या खांद्यावर घेतला, म्हणजे उजवा हात मोकळा राहिला. कोलकात्याला परतल्यावर ही नेसण त्यांनी इतर बायकांना शिकवली, तशी जाहिरातही दिली. बंगालात तिला मुंबईची रीत म्हणूनच ओळखत. आज देशभर जी सहावारी सर्रास नेसतात, तिच्या घडणीत या प्रयोगाचा मोठा वाटा आहे.

त्या सहावारीला परकर लागतो, पोलकं लागतं, फॉल लागतो, पिको लागतो. नऊवारीला यातलं बहुतेक काही लागत नाही. आठेक मीटरचं एक कापड, कमरेला एक गाठ, पुढे निऱ्या आणि ओचा, मागे काष्टा. दोन पाय वेगळे होतात, म्हणजे ती एकाच वेळी साडीही असते आणि विजारही. चिखलात लावणी करणारी बाई तीच नेसते, मासळीची पाटी डोक्यावर घेणारी कोळीण गुडघ्यापर्यंत आवळून तीच नेसते, देवघरात बसलेली आजी घोट्यापर्यंत सोडून तीच नेसते. कापड तेच, माप तेच. फरक फक्त कुठं किती खोचायचं याचा. मुंबईच्या धावपटू क्रांती साळवी यांनी २०१८मध्ये बर्लिन मॅरेथॉन नऊवारीत चार तासांच्या आत पुरी केली आणि साडीतल्या सर्वांत वेगवान मॅरेथॉनची गिनेस नोंद केली. ४२ किलोमीटर पळण्याइतकं पायांना मोकळं सोडणारं हे वस्त्र.

मग तरुण मुलींनी ते का सोडलं? कारण साधं आहे. नऊवारी नेसवायला येणारे हात घराघरांतून कमी झाले. काष्टा सुटेल ही धास्ती मोठी, आणि कार्यक्रमाच्या दिवशी पाऊण तास द्यायला कुणापाशी नसतो.

यावर महाराष्ट्राच्या शिंप्यांनी काढलेला तोडगा म्हणजे शिवलेली नऊवारी. गेल्या दोन-तीन दशकांत कपड्यांत इतका मोठा बदल आपल्याकडे दुसरा झालेला नाही, आणि त्याचं श्रेय कुणा एका डिझायनरला देता येत नाही. दादर असो की लक्ष्मी रोड, दुकानावर पाटी दिसते: ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी. शिंपी कमर, सीट आणि उंची मोजतो, काष्ट्याची लांबी धरतो. मग दोन पायांचा आकार, त्यावर निऱ्या एकावर एक बसवून टीप, मागे काष्टा पक्का, कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक, बाजूला हुक. पदर तेवढा मोकळा किंवा चुण्या पाडून पिनेला तयार. मुलगी ती विजारीसारखी पायांत घालते आणि पाच मिनिटांत निघते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत गिरगावात बुलेटवर बसलेल्या मुली, मंगळागौरीला फुगड्या घालणाऱ्या सुना, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या पोरी, यांतल्या कितीतरी जणींच्या अंगावर ही असते.

जाणकार तिला नाकं मुरडतात. नेसलेल्या नऊवारीचा डौल तिला नाही, निऱ्या इस्त्रीच्या पट्ट्यांसारख्या ताठ दिसतात, हे म्हणणं खरंच आहे. पण ती आली नसती तर या मुलींनी नऊवारी घातलीच नसती. ज्या बाईला वेळ नाही तिला तिच्या आजीचं वस्त्र या शिवलेल्या नऊवारीनं परत दिलं, आणि हे काम पॅरिसच्या एकाही झग्याला जमलेलं नाही.

किंमत मोजावी लागते ती कापडाला. नेसायची नऊवारी सासूची सुनेला होते, जाडीला आणि बारकीला दोघींना होते. जीर्ण झाली की तिची गोधडी होते. कापून शिवलेली नऊवारी एका कमरेची होऊन राहते. चार वर्षांनी अंग भरलं की ती कपाटात पडून राहते. मियाकेंनी ज्या बंधनातून कपडा सोडवायला आयुष्य घातलं, त्यात आपण आपलं सोडवलेलं कापड घालतो आहोत. नवीन, स्वस्त साडीच्या बाबतीत त्याचं फार दुःख करायचं कारण नाही. पण अस्सल येवल्याची पैठणी किंवा आजीचं जुनं इरकली लुगडं कात्रीखाली जाताना पाहवत नाही.

त्यावरही शिंप्यांकडे उपाय आहे. काही जण साडी न कापता, नुसत्या निऱ्या आणि काष्टा टिपेनं पक्के करून नऊवारी शिवून देतात. मेहनत जास्त पडते, शिलाई थोडी जास्त घेतात, पण टिपा उसवल्या की नऊ वार कापड जसंच्या तसं हाती येतं. तेव्हा यंदाच्या लग्नसराईत घरातलं जुनं लुगडं शिवायला टाकणार असाल, तर माप देण्याआधी शिंप्याला एवढं विचाराच: न कापता शिवाल का? नाही म्हणाला, तर पुढच्या दुकानात जा.